लेबलसकट

चिमणने हिरवी बाटली उन्हाकडे धरली, फिरवली आणि अंगठ्याने लेबलाची कड चाचपली.

"काकी, एकदम झकास ठेवलंय तुम्ही. पाणी नाय लागलं कधी?"

"लागेल कसं?" नर्मदा म्हणाली. "चार वर्षं कोरड्या फडक्यानं पुसतेय."

खरंच पुसत होती. तिचा दीपेश क्रूझवरच्या बारमध्ये लागला आणि पहिल्या सुट्टीत चिखल्याला आला तो बॅगेत रिकामी बाटली घेऊनच. पोरगं बिघडलं, असं समजून बाप हरिश्चंद्र देवघराचं दार लावायला धावला. दीपेशला हसू आवरेना. "अहो बाबा, फ्रान्सची वाईन होती ती. साहेब लोक अर्धी टाकून उठतात. मला पाहिजे ते हे लेबल. चारोटी नाक्यावर आपलं हॉटेल टाकणार ना, तिथं शोकेसमध्ये लावायला." मग आईला बजावलं, "धू नको हां. लेबल भिजलं की बाटली संपली."

त्यानंतर दर सुट्टीला बाटल्या आल्या. नर्मदेला इंग्रजी वाचता येत नसे, पण घोडेवाली, बंगलेवाली, सोनेरी अक्षरांची, अशी तिची सगळ्यांशी ओळख होती. घोडेवाली आली तेव्हा हरिश्चंद्र होता, बंगलेवाली आली तेव्हा नव्हता. विधवेच्या घरात दारूच्या बाटल्या म्हणून बायका कुजबुजत. नर्मदा वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "हॉटेलचं सामान आहे ते!"

गेली दोन वर्षं दीपेश आलाच नव्हता. काल त्याचा फोन आला. "आई, कॅनडाचं पक्कं झालं. इकडेच राहीन आता. तुला पण आणीन गं, कधीतरी. त्या बाटल्या भंगारात देऊन टाक, उगाच धूळ खातायत."

'कधीतरी' हा शब्द तिला रात्रभर टोचला. सकाळी तिने कपाट उघडलं. बाटल्या डोळ्यांसमोर राहिल्या तर वाट बघायची खोड जाणार नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तिने रस्त्यावरून 'भंगारवालाऽऽ' ओरडत जाणाऱ्या चिमणला हाक मारली होती.

"बूच असेल तर बूच पण द्या," चिमण म्हणाला.

"रिकाम्या बाटलीला बूच कशाला रे?"

चिमण हसला. "काकी, बॉर्डरवर अच्छाडला एक शेठ आहे. त्याला लेबलसकटच पाहिजे. पलीकडे गुजरातमध्ये बंदी ना! तिथं अशी बाटली रिकामी राहते काय? आतमध्ये कायपण भरा, लोक लेबल बघून पितात."

नर्मदेने त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. "दुपारनंतर ये. पुसून ठेवते."

तो गेल्यावर ती पडवीत बसून राहिली. पोरगा येणार नाही, हे तिने कसंबसं गिळलं होतं. पण त्याने समुद्रापलीकडून, कपड्यांत गुंडाळून, जिवापाड जपून आणलेल्या बाटलीत कुणीतरी रंगीत पाणी भरणार, ते पिऊन कुणाचा तरी मुलगा तडफडणार, हे तिच्याने गिळवेना. तिला दीपेशचा राग आला, चिमणचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या रिकाम्या घराचा आला.

तिने चुलीवर पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं, धुण्याचा सोडा टाकला. पहिली बाटली हातात घेऊन मात्र ती थांबली. लेबल भिजलं की बाटली संपली. शेवटी डोळे मिटून तिने ती पाण्यात सोडली.

काही लेबलं उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली. काही हट्टी निघाली, त्यांना खोबरेल चोळावं लागलं. बंगलेवालीचा कोपरा फाटला तेव्हा तिच्या तोंडून "अगं आई गं" निघालं. सगळ्या धुऊन पालथ्या घातल्या आणि तिने पाहिलं, तर साऱ्या सारख्याच हिरव्या. घोडेवाली कुठली, ते तिलाही सांगता येईना.

चिमण आला आणि कपाळाला हात लावून बसला. "काकी, काय केलं हे! ह्या तर आता तेलाच्या बाटल्या झाल्या!"

"मग तेल भरू दे लोकांना."

कुरकुरत त्याने पोत्यात बाटल्या भरल्या. खळखळाट रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आला, मग थांबला. अंगणातल्या बाजेवर चिकूच्या फोडी वाळत होत्या. त्यांच्या शेजारी जुनं लुगडं अंथरून नर्मदेने लेबलं एकेक करून उन्हात पसरली.

कुंपणापलीकडून शेजारची नूतन डोकावली. "काकी, हे काय वाळत घातलंत?"

समुद्राकडून वारा सुटला होता. घोड्याचं लेबल उडू पाहत होतं. नर्मदेने त्यावर एक खडा ठेवला.

"दीपेशचं हॉटेल," ती हळूच म्हणाली.