मणिबेलीकडचं विसावं घर

मित्रांनो, मी एका मासिकाचा जुना अंक आहे. मासिकाचं नाव ‘वीसमुखी’. मी त्याचा पहिला अंक, आणि शेवटचाही. हे दोन्ही मान एकट्याला मिळालेले या जगात फार थोडे असतील, पण त्याबद्दल माझा सत्कार कुणी केला नाही.

माझा जन्म लोणखेड्यात झाला, पस्तीसेक वर्षांपूर्वी. कॉलेजात शिकणारा भूपेंद्र पाटील माझा संपादक. परदेशातून आलेल्या मामांनी त्याला एक फासा दिला होता, वीस तोंडांचा. त्याबरोबर एक खेळही आला. चार जणांनी बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी शिपाई, कुणी वैदू, कुणी चोर. वाटेत नदी आडवी आली की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर पार, लहान पडला तर वाहून गेलात. घरच्यांना वाटायचं पोरं जुगार खेळतात. जुगार नाही हे कळल्यावर त्यांना जास्त काळजी वाटू लागली.

या खेळाचं खानदेशातलं पहिलं मासिक म्हणून मला सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलं. माझ्या साठ प्रती निघाल्या. त्यातल्या बावन्न भावंडं वर्षभर एकमेकांच्या अंगावर पडून होती. माझं कौतुक करणारं एक पत्र आलं होतं. अक्षर भूपेंद्रचंच होतं, पण भावना खरी होती.

माझं खरं वैभव म्हणजे मधलं पान. त्यावर एका गावाचा नकाशा आहे, खेळणाऱ्यांनी फिरण्यासाठी. तो काढला भूपेंद्रच्या मित्रानं, रामसिंगनं. रामसिंग मणिबेलीकडच्या एका पाड्यावरचा, नर्मदेच्या काठचा. धरणाचं पाणी चढत येणार आणि पाडा बुडणार हे तेव्हा ठरून चुकलं होतं. कल्पनेतलं गाव काढ म्हटल्यावर रामसिंगनं आपलाच पाडा काढला, घरनघर. दारं कुठल्या दिशेला, गोठे कुठं, पाण्याला जायची वाट कुठली, सगळं. कुठंतरी राहील, म्हणाला.

घरं झाली एकोणीस. भूपेंद्रनं मोजली आणि डोकं खाजवलं. कुठल्या घरात काय घडतं ते फाशानं ठरायचं होतं.

“एकोणीस घरे शेतस अन फासाले तोंडे वीस,” तो म्हणाला. “एक घर कमी पडस.”

एखाद्यानं विसावा आकडा सोडून दिला असता. पण संपादकाला रिकामी जागा बघवत नाही. रामसिंग सुट्टीत गावी गेलेला असताना त्यानं नदीच्या अंगाला, मोहाच्या झाडाखाली, आणखी एक घर काढलं आणि लिहिलं : ‘विसावं घर. दार बंद. आत कोणी नाही.’ एकोणीस घरांखाली रामसिंगनं घरधन्यांची नावं लिहिली होती. या घराखाली नाव नव्हतं.

छापून आल्यावर रामसिंगनं मला बराच वेळ हातात धरलं. बोट त्या घरावरून हलेना.

“दादा, घर काढलंस तर माणसं पण टाक,” तो म्हणाला. “नावं दे त्यांना. असं सोडू नको.”

“पुढला अंकमा टाकसू,” भूपेंद्र म्हणाला.

पुढचा अंक निघाला नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी वर आलं. रामसिंगचं घर डोंगरावर सरकलं, त्याचं कॉलेज सुटलं. बाकीची घरं कुठं कुठं पांगली. भूपेंद्र शाळेत मास्तर झाला. भावंडांतली काही चुलीत गेली, काही भजी बांधण्यात. मी वाचलो, कारण भूपेंद्रच्या बायकोला, कामिनीबाईंना, शेवेच्या डब्याखाली घालायला काहीतरी हवं होतं. वीसएक वर्षं माझ्यावर तो डबा होता. तेल मुरत गेलं. सगळी पानं पिवळी पडली, पण विसाव्या घरापाशी तेलाचा थेंब चढला नाही. मी कागद आहे, मला त्यातलं काही समजत नाही. दिसलं ते सांगतो.

यंदाच्या मे महिन्यात लोणखेड्याच्या घरी एक तरुण आला. गुलाबसिंग, रामसिंगचा मुलगा. होडी चालवतो. रामसिंग दोन वर्षांपूर्वी वारला, असं त्यानं सांगितलं. आता आजीची, म्हणजे रामसिंगच्या आईची, रूपलीबाईंची एकच इच्छा होती. आपले हातपाय चालतायत तोवर बुडालेल्या प्रत्येक घराला पाण्यावरून नावानं हाक मारायची, ज्वारीचे दाणे सोडायचे. एकही घर सुटता कामा नये. त्यासाठी बापाचं ते पुस्तक हवं होतं.

निवृत्त भूपेंद्र मास्तरांनी मला डब्याखालून काढलं, केळीच्या घडाला चढवतात त्या निळ्या पिशवीत घातलं आणि स्वतःच निघाले. जीप, घाट, मग होडी. वाटेत त्यांनी पिशवी चार वेळा उघडली. एक घर खोटं आहे हे म्हातारीला सांगायचं कसं? सांगितलं तर तिचा सगळ्याच पानावरचा विश्वास उडणार. नाही सांगितलं तर नसलेल्याला हाक जाणार.

होडी पाण्याच्या मधोमध थांबली. भर दुपार होती, वारा नव्हता. रूपलीबाईंच्या मांडीवर मी उघडा. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एकेक नाव घेतलं, एकेक मूठ सोडली. समोरच्या डोंगरावरून प्रत्येक नाव परत येत होतं. मास्तर बोटानं नकाशावर ताडून पाहत होते. क्रमसुद्धा चुकला नाही. एकोणीस घरं झाली. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मला मिटायला हात पुढे केला.

रूपलीबाईंनी तो हात धरला. बाजारात येऊन-जाऊन शिकलेल्या मराठीत त्या म्हणाल्या, “मोहाखालचं राहिलं, मास्तर.”

मास्तरांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“एक बाई होती तिथं. दोन लेकरं. कोणाशी बोलायची नाही. सगळ्यांच्या आधी पाणी भरून जायची. तिचं नाव मला आठवत नाही. बाकीची मला पाठ आहेत. तिच्यासाठीच पुस्तक मागवलं.”

“माय, ते घर मी काढं,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. “तठे घर नव्हतंच. फासाले वीस तोंडे व्हतात, म्हणून काढं.”

रूपलीबाईंना राग आला नाही. त्यांनी मान हलवली. “रामसिंग पण हेच सांगायचा. पण मी तिला पाहिलंय. आता डोंगरावर येते, अंगणाच्या कडेला उभी राहते. आत ये म्हणावं तर कोणत्या नावानं म्हणू? तू काढलंस ना घर? मग नाव तूच दे.”

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. मुलांची शेकडो नावं हजेरीत मांडलेला माणूस, पण पेन दोनदा टेकवून उचललं. त्यांनी लिहिलं : रेवाबाई. खाली दोन लेकरांची : झिपरू, दीपमाला. मग उभं राहून त्यांनी स्वतः तिन्ही हाका मारल्या. रूपलीबाईंनी दाणे सोडले.

डोंगरावरून काहीच परत आलं नाही. मास्तर वाट पाहत उभेच राहिले.

गुलाबसिंगनं होडी वळवली. चार हात गेल्यावर तो थांबला, वाकून होडीचा काठ पाहिला. होडी मघापेक्षा खोल बसली होती. “आजी, जड झाली,” तो म्हणाला. रूपलीबाई सरकून बसल्या आणि शेजारी एका बाईपुरती, दोन लेकरांपुरती जागा केली.

मित्रांनो, आता मी डोंगरावर रूपलीबाईंच्या घरी राहतो, त्याच निळ्या पिशवीत. अंगणाच्या कडेला हल्ली कुणी उभं नसतं. माझं एवढंच मागणं आहे. जुने अंक डब्याखाली घालू नका. मला हात लावाल तेव्हा हात कोरडे ठेवा, पानं मुडपू नका. आणि मधलं पान उघडताना सावकाश उघडा. तिथं आता माणसं राहतात.