हिरवा दादा, लाल दादा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक मोठं सभागृह आणा डोळ्यांसमोर. मधोमध उंच चौथरा, चारी बाजूंनी दोरखंड, वर पांढरेफटक दिवे. खाली ही गर्दी, आणि सगळे एकदम ओरडताहेत. चौथऱ्यावर दोन तरुण एकमेकांना बडवताहेत. ठोशाचा आवाज कसा येतो ठाऊक आहे? ओलं कापड दगडावर आपटावं तसा. आता चौथऱ्याला लागून एक टेबल ठेवा, त्यावर कॉम्प्युटर, आणि शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसलेली एक मुलगी. ती आपली ठिणगी.

दोरखंडाच्या आत मार खात होता तो तिचा दादा.

समोरच्या गड्याला सगळे बुलडोझर म्हणत, आणि ते काही उगीच नव्हे. तो दादाच्या बरगड्या शेकून काढत होता. दादाची भुवई फुटली होती, रक्त डोळ्यात उतरत होतं. एका ठोशासरशी त्याचे थेंब टेबलापर्यंत उडाले. टेबलामागे बसलेल्या तिच्या बाबांनी की-बोर्ड बाहीने पुसला. स्पर्धेतल्या सगळ्या खेळाडूंची माहिती त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये असे. खेळायला मोकळा असेल तो हिरवा, डॉक्टरांनी थांबवलेला लाल.

"बाबा, मागच्या लढतीत दादा बेशुद्ध पडला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, खेळायचं नाव काढू नकोस."

"पुन्हा तपासून घेतलं म्हणाला तो. आणि त्याच्या नुसत्या शब्दावर सोडीन का मी? हे बघ, हिरवा."

घंटा झाली. दादा धडपडत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. ठिणगी त्या कोपऱ्याखाली धावत आली, तसा तो दोरखंडातून वाकून म्हणाला, "ठिणगे, आपण जेवलो का गं?"

मागच्या वेळी शुद्धीवर आल्यावर दादा हेच विचारत होता. उत्तर मिळालं की पुन्हा तेच.

ती टेबलाकडे पळाली. "बाबा, हा हिरवा कधी झाला?"

"काल. त्याने तालीम बदलली ना? नव्या तालमीची फाइल आली, सगळे खेळाडू एका दमात आत घेतले."

"आत घेताना प्रत्येकाच्या खेळाडू-कार्डाचा नंबर विचारलात?"

हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. दारात पाहुणा आला की आधी बघायचं, हा आत बसलेला तर नाही ना? नावावर जाऊ नये, एका नावाचे दोघे असतात. कपड्यांवरही जाऊ नये, ते बदलतात. ज्याचा त्याचा कार्डाचा नंबर तेवढा जन्मभर तोच. नंबर आत सापडला तर त्याच्या जुन्याच खुर्चीवर बसवायचं, नाही सापडला तरच नवी खुर्ची मांडायची.

बाबांचा चेहरा उतरला. "त्यांनी नंबरचा रकाना रिकामाच पाठवला होता. नंबर नाही म्हटल्यावर कॉम्प्युटरने सगळ्यांना नवीन धरलं. मी म्हटलं, सावकाश जुळवू."

ठिणगीने दादाची जन्मतारीख टाकून शोध घेतला. पडद्यावर दोन दादा आले. एक नव्या तालमीचा, हिरवागार, जणू आयुष्यात कधी ठोसा खाल्लाच नाही. दुसरा जुन्या तालमीचा, लाल. त्याच्यापुढे लिहिलं होतं: मेंदूला मार. रिंगमध्ये उतरवू नये.

"थांबवा!" बाबा खुर्ची पाडून उठले. "अहो, लढत थांबवा!"

पण घंटा वाजली होती, आणि त्या गदारोळात त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नसेल. पंचांची पाठ होती. बुलडोझरने खालून वर एक ठोसा हाणला. दादाच्या दातांवरचं कवच उडालं, मागोमाग रक्ताची लाळ. गुडघे वाकले. दादाने दोरखंड धरला. कानशिलावर दुसरा बसला, तिसरा बसला. तरी तो पडेना. लोकांना तर चेवच चढला. बाबा पंचांच्या दिशेने गर्दीत घुसले आणि तिथेच अडकले.

या खेळात एक रीत आहे. खेळाडूच्या कोपऱ्यातून टॉवेल आत पडला की लढत तिथेच थांबते. टॉवेल दादाच्या नव्या तालमीच्या वस्तादांच्या मुठीत होता. ठिणगी त्यांच्याकडे धावली.

"वस्ताद, फेका! दादा लाल आहे, त्याला खेळायची बंदी आहे!"

"कसला लाल न् पिवळा? सर बाजूला! जिंकत आलेल्या लढतीत टॉवेल फेकून माझं नाक कापून घेऊ?"

"हे जिंकणं आहे?"

दादाने ते ऐकलं. दोरखंडाला लोंबकळत त्याने सुजलेला डोळा तिच्यावर रोखला. "ठिणगे, टॉवेलला हात लावलास तर तू माझी बहीण नाहीस! जन्मात तोंड बघणार नाही तुझं!"

तो असा एकदा बोलला की तसाच वागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात बुलडोझरने उजवा हात मागे खेचला.

ठिणगीने वस्तादांच्या मनगटाला रक्त येईस्तोवर कडकडून चावा घेतला. ते ओरडले, मूठ सुटली. तिने टॉवेल ओढला आणि अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून दोरखंडांवरून आत भिरकावला.