आईच्या पानावर पीच

उलानबातरहून कायमची परत आले त्याला आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात वहिनीने मला दोनदा टोकलं होतं. "अगं ओक्जू, आमच्याशी इतकं सावकाश काय बोलतेस? आम्ही काय तुझे मंगोल विद्यार्थी?"

खोटं नव्हतं. परक्यांना आपली भाषा शिकवता शिकवता माझी स्वतःची कोरियन टेपमधल्या बाईसारखी झालीय. प्रत्येक शब्द सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा. बाजारात कोबी मागितला तर भाजीवाली कौतुकाने म्हणाली, "छान बोलता हो बाई! कुठल्या देशाच्या तुम्ही?"

"इथलीच. त्या वळणावरच्या पीचच्या बागेतली," मी म्हटलं. तेही सावकाश.

तिकडे माझ्यासमोर बसायची ती आमच्या कोरियातल्या कारखान्यांत कामाला यायला निघालेली मुलंमुली. रात्रपाळी करून यायची, हीटरला पाठ लावायची आणि शुद्धलेखनाच्या मध्येच पेंगायची. खिशात सुकवलेल्या दह्याचे दगडासारखे खडे. मी ओरडले की एक खडा माझ्या टेबलावर ठेवायची. तोंडात तो घोळवत असताना माणूस रागावू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साथीच्या वर्षी आई गेली तेव्हा सीमा बंद होत्या. भावाने फोनवर मला अंत्यविधी दाखवला, म्हणजे बहुतेक वेळ काकांचे बूट दाखवले. तेव्हापासून मला एकच हवं होतं. आईच्या पानासमोर डोकं टेकायचं आणि तिच्या पेल्यात माझ्या हाताने तांदळाची दारू ओतायची. चुसकच्या सणाला पितरांचं पान मांडतात. मी बेत करून त्याच्या आधी परतले होते.

पण आमच्याकडे पान रांधतात बायका, आणि नमस्कार करतात पुरुष.

सणाच्या आदल्या दिवशी मी आणि मिरानवहिनी सकाळपासून तव्यापुढे बसलो होतो. माशाचे काप, भोपळ्याचे काप, पिठात घोळव, अंड्यात बुडव, तव्यावर परत. वहिनीच्या केसांनासुद्धा तेलाचा वास येत होता.

"वहिनी, उद्या मी आईला पेला देणार आहे."

तिचा उलथणं धरलेला हात थांबला. "दादांना विचारलंस?"

"सांगणार आहे."

"सांग बाई. फक्त माझे काप तळून होऊ देत, मग सांग. भांडणात तेल फार उडतं."

दादाला, गिलसूला, सांगितलं तेव्हा तो पान मांडायचं लाकडी टेबल पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "थोरले काका असतात. लोक काय म्हणतील? बाहेर राहून आलीस म्हणून इथल्या रीती बदलत नाहीत."

"तिकडे मी दरवर्षी एकटीनेच पान मांडलं, दादा."

"तिकडे बघायला कोण होतं?"

कोण होतं? बोलोरमा होती, वर्गातली सगळ्यांत भांडकुदळ पोरगी. आई गेल्यानंतरच्या पहिल्या सणाला ती मुलं माझ्या खोलीवर आली ती उकडलेलं मटण आणि दुधाचा खारा चहा घेऊन. बोलोरमाने बरणीतले पीच आणले होते. मी घाईघाईने बरणी खाली ठेवली. पीच पितरांच्या पानावर कधीच ठेवत नाहीत, त्याला आत्मे घाबरून पळतात, मीच हे वर्गात शिकवलं होतं.

"पण बाई, तुमच्या आईला काय आवडायचं?"

"पीच," मी म्हटलं.

आमची बागच पीचची. आईचं सगळं आयुष्य त्या झाडांखाली गेलं. चांगली फळं पेटीत जायची, ती डागाळलेलं फळ बांधावर बसून खायची, रस कोपरापर्यंत ओघळायचा. त्या रात्री मी बरणी उघडली आणि पान मांडलं. आई पळाली असेल तर तिने मला तसं काही कळवलं नाही.

सणाच्या सकाळी थोरले काका पानाशी बसून हुकूम सोडत होते. "तांबडं पूर्वेला, पांढरं पश्चिमेला. माशाचं डोकं पूर्वेला. गिलसू, ती नासपती इकडे नको." दादा ताटल्या सरकवत होता. त्याने उदबत्ती लावली, तसा मी एप्रन सोडला आणि आत गेले. हातात वाडगा, त्यात बागेतल्या शेवटच्या झाडाचे दोन पीच.

"हे काय!" काका कडाडले. "पीच? आपल्याच आईला हाकलतेस काय गं?"

"ओक्जू, बाहेर जा," दादा म्हणाला.

मी वाडगा आईच्या फोटोपुढे ठेवला. मग माझा वर्गातला आवाज आपोआप बाहेर आला, सुटा सुटा, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

"काका. या पानावरचं काय आईला आवडायचं, एक सांगा. एकच."

काकांनी पानाकडे पाहिलं. माशाकडे, बोरांकडे, सफरचंदांकडे. दादानेही पाहिलं.

"ती मासा खायची नाही," मी म्हटलं. "काटे काढून तुला द्यायची, दादा."

मी पेल्यात दारू ओतली. बाईने नमस्कार करायचाच तर पुरुषाच्या दुप्पट करायचा अशी रीत आहे. म्हटलं, रीतच हवी ना, घ्या. गुडघे कुरकुरले तरी दोनाच्या जागी चार घातले. शेवटच्या नमस्काराला डोकं जमिनीवर टेकलं तेव्हा तळलेल्या तेलाचा वास जवळ आला. वहिनी माझ्या शेजारी गुडघ्यावर बसत होती. "सरक जरा," ती पुटपुटली. "सासू होती माझी. जेवायला मीच घालत होते."

मग रीतीप्रमाणे दार लावून आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो, पितरांना निवांत जेवता यावं म्हणून. काका भिंतीकडे तोंड करून होते. थोड्या वेळाने पितरांना चाहूल द्यायला ते खोकले आणि आम्ही आत गेलो.

दादा सरळ वाडग्यापाशी गेला. "बघ. तसाच आहे. हातसुद्धा लावला नाही तिने."

"मासाही तसाच आहे, दादा."

वहिनीला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण काकांच्या खोकल्याची सर त्याला आली नाही.

प्रसादाला बसलो तेव्हा काका माझ्याकडे पाठ फिरवून सूप प्यायले. दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी हा तमाशा नको."

"पुढच्या वर्षी तीन आणीन," मी म्हटलं. "झाड आपलंच आहे."

आईचा एक पीच मी उचलला. सुरी मागितली नाही. रस मनगटावरून खाली आला, कोपराशी थांबला, मग चटईवर पडला. वहिनीने दुसरा घेतला.

"आणि पुढच्या वर्षी," ती चघळत दादाला म्हणाली, "काप तुम्ही परता."