सुटली म्हणा

रोहणा गावच्या रूपरावांचं काळीज बेताल चालायचं आणि सारं घर त्याच्या तालावर नाचायचं. मोठ्यानं बोलू नका, भांडं आपटू नका. एकुलत्या एक लेकीला, जयवंताला, स्थळ आलं की यांची छाती हमखास धडधडायची. "मले गोळी कोन देईन?" असं म्हटलं की पाहुणे चहा पिऊन परत. रोज सकाळी जयवंताने गोळी हातावर ठेवायची आणि बापाने ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, हा त्यांचाच नियम. पोरगी तिशीला टेकली, तरी या माणसाला लाज म्हणून नाही.

ऐंशी साली नागपुरात डॉक्टरांनी त्यांना भूल देऊन छातीला विजेचा झटका दिला. काळीज वळणावर आलं. डॉक्टरांनी खाटेशी बसलेल्या शकुबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बजावलं, "आता जुनी गोळी बंद. तिच्या जागी ही नवी. दोन्ही सोबत घेतल्या तर विष होईल. बाकी माणूस ठणठणीत आहे, वावरात जाऊ द्या." शकुबाईंना आधी आठवलं ते समुद्रपूरच्या मास्तराचं स्थळ. तो बिचारा अजून थांबला होता.

परत येताना आर्वीच्या स्टँडवर रूपराव म्हणाले, "काळीज सुधरलं, जुनी गोळी बंद झाली, हे घरी सांगजो नको. बाप बरा झाला म्हनून पोरगी उद्याच चालली जाईन."

"पन डाक्टर विष म्हनत होते जी!"

"पाच वर्सं याच गोळीनं जगवलं मले. नवी खपवाले बोलतेत ते. कोनाले सांगशीन तर तुले जयवंताची शपथ हाये."

जयवंताच्या आधीची दोन लेकरं मातीत गेली होती. शपथ मोडली की ती जिच्या नावाची तिला बाधते आणि घालणाऱ्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, याबद्दल शकुबाईंना तिळमात्र शंका नव्हती. रूपरावांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर घातली.

घरी त्यांनी लेकीला सांगितलं, "दुखनं वाढलं हाये. जुनी तशीच चालू ठेव, वरून ही नवी." जयवंता दोन्ही गोळ्या हातावर ठेवू लागली. काही दिवसांत रूपरावांची भूक गेली, उलट्या सुरू झाल्या. शकुबाईंनी जुन्या गोळ्यांची बाटली ज्वारीच्या कोठीत लपवली. जयवंताने ती शोधून काढली आणि कडाडली, "माय, बाबाचा जीव घ्याचा हाये का तुले?" खाटेवर पडल्या पडल्या रूपराव हसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग त्यांना सारं पिवळं दिसायला लागलं. "चुन्याची भिंत पिवळी काऊन दिसून राह्यली व?" गाव म्हणालं, कावीळ. नाडी मंदावली तेव्हा आर्वीहून एक डॉक्टर आणले. त्यांनी विचारलं, "नागपूरला गोळ्यांत काही बदल सांगितला होता का?"

"जुनी तशीच, नवी वाढवली," जयवंता म्हणाली. "दोन्ही माह्याच हातानं देतो."

डॉक्टरांनी शकुबाईंकडे पाहिलं. "असंच ना, बाई?"

शकुबाई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "सुटली म्हना जी."

डॉक्टरांना काही कळलं नाही. रूपरावांना सगळं कळत होतं. पण तेवढं म्हटलं की समोर उभ्या लेकीपुढे आपलं पितळ उघडं पडणार. त्यांनी जयवंताकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पाया पडतो तुमच्या, सुटली म्हना!"

नाहीच म्हणाले. दिवस मावळायच्या आत मेले. वारले, निवर्तले हे शब्द माणसांसाठी असतात.

तेरवी झाली आणि समुद्रपूरचा निरोप पुन्हा आला. बापाला गोळीसोबत पाणी द्यायचा पितळी पेला घासता घासता जयवंता म्हणाली, "जाईन मी, माय. बाबाले वाचवता नाई आलं, पन माह्या हातून एक बी गोळी चुकली नाई. तेवढंच समाधान हाये मले."

शकुबाईंना ओरडावंसं वाटलं. पण शपथ घालणारा राख होऊन गेला होता, आता ती सोडवणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हो व बाई," त्या म्हणाल्या, "एक बी नाई चुकली."