चंद्रावरचे दगड उचलणारा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. पापड भाजायचा नव्हे, चंद्रावरचे दगड उचलायचा! हसू नका. त्या फुगीर पोशाखात अंतराळवीराला खाली वाकता येत नाही. म्हणून भाग्यश्रीताईंनी खराडीच्या कार्यशाळेत मला घडवले, लांब दांड्याचा आणि हलक्या धातूचा. जाड हातमोज्यातून मूठ दाबली, तरी माझा जबडा अलगद मिटे.

शेजारच्या टेबलावर दत्तप्रसाद असाच दुसरा चिमटा करत होते. दोघांतला एकच निवडला जाणार होता. ते जवळून गेले, तरी ताई मला पदराआड घेत. त्यांनी "छान झालाय हो," म्हटले, की ताईंना त्यातही काळेबेरे दिसे. मलाही ते माझ्याकडे जरा जास्तच निरखून बघतात असे वाटे.

खंडेनवमीला कार्यशाळेतल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. ताईंनी मायेने मला मूठभर हळदकुंकू वाहिले. पुढच्याच आठवड्यात निवड होती. निवड करणाऱ्या हिंमतराव साहेबांसमोर मी दगड धरला आणि माझा जबडा जो अडकला, तो उघडेचना!

"कोणीतरी हात लावलाय याला," ताई दत्तप्रसादांकडे बघत म्हणाल्या.

"हो, मीच. फुंकर मारून बिघडवला," दत्तप्रसाद हसत म्हणाले.

"चेष्टा पुरे," साहेब म्हणाले. "खरं निघालं, तर उद्यापासून यायचं नाही."

दत्तप्रसादांचा चेहरा पडला. "मग उघडा. आत्ता, सगळ्यांसमोर."

ताईंनी स्क्रू काढले. माझ्या सांध्यात तेलात कालवलेल्या कुंकवाचा लाल चिखल साचला होता. ताईंची बोटे लाल झाली आणि कानही.

"अहो, कुंकू कपाळाला लावतात," दत्तप्रसाद म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "चंद्रावर तर सगळीकडे अशीच बारीक धूळ. माझ्याही चिमट्याचा सांधा उघडाच आहे."

त्या दुपारी साहेबांनी आम्हा दोघांनाही नापास केले. आता ताई आणि दत्तप्रसाद मिळून झाकलेल्या सांध्याचा नवा चिमटा करत आहेत. मी फळीवरून बघत असतो.

मित्रांनो, वस्तू अडली तर आधी ती उघडून, पुसून पाहा. माणसाकडे बोट नंतर दाखवा. मला साफ करायला एक जुना टूथब्रश पुरला. दत्तप्रसाद मात्र ताईंनी केलेला चहा अजूनही घेत नाहीत. ताई रोज दोन कप करतात.