बिनकिड्याचा मासा

खवले

"अगं, हळू. माझ्या चष्म्यावर उडतायत खवले," आप्पा म्हणाले.

लेक माशाचे खवले काढतच राहिली. एरवी सुट्टीच्या दिवशी ती माशाला हात लावत नसे. आठवडाभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मासेच चिरायचे, घरी पुन्हा तेच कशाला, म्हणायची. आज मात्र तिने आप्पांच्या हातातली सुरीच काढून घेतली होती.

"आज प्रेम उतू चाललंय. काय हवंय?"

"पोट बघायचंय."

पोट

आप्पांच्या आयुष्याचं वाटोळं माशाच्या पोटानंच केलं होतं. तळ्यातल्या माशांच्या आतड्यात किडे असत. पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे. आप्पा पहाटे जाळं टाकत, पाठ मोडेपर्यंत ओढत, आणि बाजारात गिऱ्हाईक पोट फाडून बघे. "शी! हे खाता तुम्ही?" समुद्राचा मासा विकणारे नाकाला रुमाल लावून हसत. आप्पांना किडेवाले म्हणत, लेकीला शाळेत किडेवाल्याची. बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्या पाहुण्यानंही आधी ताटात काय आहे ते निरखून पाहिलं होतं.

मग म्हातारपणी किडे कमी झाले. कमी होत होत दिसेनासेच झाले. आता गिऱ्हाईक दारात येतं. आप्पा मासा कापतात, आतडं बोटांवर पसरतात आणि न विचारता दाखवतात.

आतडं

रिकामं.

लेकीनं ते नखानं उघडलं, पाण्यात धुतलं, खिडकीच्या उजेडात धरलं. दुसरा मासा घेतला. मग तिसरा. एखादा तरी निघू दे, असं ती पुटपुटत होती. आप्पांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नाही सापडायचा," ते हसले. "आपला माल आहे."

काळीज

"आप्पा, आमच्याकडे तपासणी झाली. तुमच्याच तळ्याचे मासे होते. काळजात शिसं सापडलंय."

"कसलं शिसं?"

"तळ्याच्या वरच्या अंगाला बॅटरीचा कारखाना आहे ना, त्याचं. किड्यांची पिल्लं आधी पाण्यातल्या बारीक जिवांत वाढतात. ते जीव मेले, म्हणून किडे संपले. मासा चिवट, तो उरला." तिनं सुरी खाली ठेवली. "किडा पोटात असला की बरंचसं शिसं तोच ओढून घ्यायचा. आता सगळं माशाच्याच अंगात."

आप्पांनी रिकामं आतडं पुन्हा बोटांवर पसरलं.

"म्हणजे किडे होते तेव्हा मासा चांगला होता?"

"चांगला होता. नीट शिजवला की किडे मरतात."

"मग तेव्हा कुणी का नाही बोललं?"

तिनं चिरलेले मासे एका बाजूला सारले.

"आणि आता मी काय करू? जाळ्यानं पाठ खाजवू?"

ती हसायला गेली. जमलं नाही.

उरलेलं

शिवणकाम करणाऱ्या शेजारीणबाई पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांची सून पोटुशी होती, सहावा महिना.

"आप्पा, दोन द्या चांगले. तिच्या पोटात दुसरं काही ठरतच नाही बघा."

"आज नको, बाई. तळ्याचं पाणी खराब झालंय. माशात शिसं उतरलंय."

"शिसं पेन्सिलीत असतं, आप्पा!" त्या हसल्या. "पलीकडच्या गल्लीत जास्त भाव मिळतोय वाटतं? मासा तर कसा लखलखतोय. हे दोन घेते मी."

त्यांनी हात पुढे केला. लेक उठायला लागली. आप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि रिकाम्या आतड्यांचं भांडं पायानं मागे सरकवलं.

"घ्या," ते म्हणाले. "पण किडे निघालेत. पोट भरून."

बाईंचा हात जागीच थांबला.

"पुन्हा?"

"पुन्हा."

"अहो, परवाच सुनेला मी..." त्यांनी तोंडाला पदर लावला. "म्हणजे इतके दिवस फसवलंत आम्हाला?"

लेकीनं वर पाहिलं. आप्पांनी पाहिलं नाही.

"फसवलं," ते म्हणाले. "गल्लीत सगळ्यांना सांगा."

पातेलं अंगापासून लांब धरून बाई पायऱ्या उतरल्या. कोपऱ्याशी पोचायच्या आतच त्यांचा चढलेला आवाज कुणाला तरी काही सांगू लागला. आप्पा दार उघडं ठेवून ऐकत उभे राहिले.