कुंभिवलीचं स्पेलिंग

कुंभिवलीत हमरस्त्याला लागून रक्तदाता मंडळाची एक खोली आहे. रस्त्यावर अपघात झाला, की रक्तगट जुळणारा माणूस शोधायला आजवर तिथली वही चाळावी लागे. वही एका कपाटात, आणि कपाटाची किल्ली अध्यक्ष आबाजींच्या खिशात. म्हणून समीक्षानं सहा महिने खपून दात्यांच्या यादीचं ॲप्लिकेशन लिहिलं होतं. बंद पडलेल्या कारखान्यातले तीन जुने संगणक जोडून तिनं क्लस्टर उभारला होता. एक आडवा झाला, तर उरलेल्या दोघांनी काम ओढायचं, अशी ती जोडणी. आज चार वाजता गावोगावचे कार्यकर्ते मोबाइलवर यादी उघडून पाहणार होते. उघडली नाही तर आपली वहीच बरी, असं आबाजींनी आधीच ऐकवलं होतं.

साडेतीन वाजले होते, आणि यादी उघडत नव्हती.

"आत तर सगळं चालू आहे," रूपेश म्हणाला. तो तिचा कॉलेजातला मित्र, रजा टाकून मदतीला आलेला. "तिन्ही मशिनवर कंटेनर नीट चढलेत."

"चडलेत तर मंग आडलंय कुठं?" चहाचे पेले ठेवत मोतीबाईंनी विचारलं. शेजारची टपरी त्यांची. "आमच्या हायवेला कंटेनर चडावाला आडतात, येवडं ठावं हाय."

"मोतीमावशी, हे कंटेनर म्हणजे ॲप्लिकेशनचं बांधलेलं बोचकं," समीक्षा थकल्या आवाजात म्हणाली. "बाहेरच्याला त्याच्यापर्यंत नेणारी एक सर्व्हिस असते, दारावरच्या माणसासारखी. ती म्हणते, इथं असं कोणी राहतच नाही."

"तो मानूस वळखतो कशावरनं?"

"बोचक्याच्या लेबलवरच्या नावावरून. तेच नाव त्याच्याकडेही लिहिलेलं असतं."

"मंग नाव दोनीकडं सारखं हाय का?"

रूपेश हसला. "गावाचंच नाव आहे मावशी, ते काय चुकतंय!"

"हसू नको रं. माज्या सुनेचं दवाखान्याचं कार्ड सा म्हयने आडलंय. रेशनकार्डावर तिचं नाव येक, आधारवर दुसरं. बाई तीच, पन खिडकीतला म्हनतो, ही ती नायच."

समीक्षाचा हात पेल्यावरच थांबला. तिनं लिहिलेली लेबलची फाइल आणि रूपेशनं लिहिलेली सर्व्हिसची, अशा दोन्ही फाइली तिनं शेजारीशेजारी उघडल्या. इंग्रजीत लिहिलेल्या कुंभिवलीत तिच्या फाइलीत 'व्ही'नंतर 'ए' होता. रूपेशच्या फाइलीत नव्हता.

"हे कुठून घेतलंस?"

"थांब्याच्या पाटीवरून. तू?"

"माझ्या शाळेच्या दाखल्यावरून."

दोन्ही स्पेलिंगं खरीच होती. यंत्राला मात्र दोन गावं दिसत होती. तिनं ते एक अक्षर घातलं, फाइल पुन्हा चढवली. इतका वेळ कोऱ्या असलेल्या जागी एकाखाली एक तिन्ही कंटेनरचे पत्ते उमटले.

काही मिनिटांतच भिसेगावहून तिथला कार्यकर्ता जितेश याचा फोन आला. "समीक्षा, उघडलं गं! बी निगेटिव्ह शोधलं, तर पहिलंच नाव मोतीमावशींचं."

"नीट लिवलंय ना?" मावशींनी विचारलं.

चारच्या ठोक्याला आबाजी वही बगलेत मारून आले. त्यांनी स्वतःच्या फोनवर यादी दोनदा उघडली, दोनदा मिटली. मग वही कपाटात ठेवली आणि किल्ली कपाटालाच राहू दिली.

"मावशी," समीक्षा म्हणाली, "सुनेची दोन्ही कार्डं उद्या आणा. कुठलं अक्षर कमी आहे ते बघू, मी येते त्या खिडकीवर."

"उद्या कशाला गं? टपरीतच हायत, साखरेच्या डब्याखाली," म्हणत मोतीबाई उठल्यासुद्धा.